बस उशिरा आली की रोबो थांबतो

बंगळूर,
६ जानेवारी २०२५

ती. अर्जुनकाका,
सा. नमस्कार.

परवा फोनवर मी दहा मिनिटं ओरडले आणि शेवटी तुम्ही "बरं, आईला सांगतो" म्हणून ठेवून दिलात. मी आईचं काही बोललेच नव्हते. प्रेसशॉपच्या आवाजानं तुमचे कान नेले हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी दरवेळी विसरते. म्हणून हे पत्र. मेलवर पाठवते, दिव्यावहिनी छापून देतील. तुम्ही हातानं उत्तर लिहा, त्या फोटो काढून पाठवतील.

काम असं आहे. मी इथे मुलांना संगणकांची जाळी शिकवते, म्हणजे एक यंत्र दुसऱ्याशी तारेतून कसं बोलतं ते. या विषयात एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार असतो. नुसतं कागदावर नाही, प्रत्यक्ष कामाला आलं अशा संशोधनासाठी. त्यासाठी मी साधना कुदळे मॅडमचं नाव सुचवते आहे. त्याच, ज्या तुमच्या चाकणच्या कंपनीत विद्यार्थी घेऊन यायच्या. त्यांची पद्धत आता अकरा कारखान्यांत चालते, आणि त्याची सुरुवात तुमच्या शॉपमध्ये झाली.

तुम्ही तेव्हा मेंटेनन्सचे फोरमन होतात. मला तुमचं एक पानाचं पत्र हवंय. तीन गोष्टी लिहा. त्रास काय होता, तो कशामुळे होतो हे सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आलं, आणि नंतर काय बदललं. शेवटची तारीख २८ फेब्रुवारी. निकाल लागेपर्यंत बाहेर कुठे बोलायचं नाही, असा नियम आहे.

तुमची,
तनुजा


संत तुकाराम नगर, पिंपरी
११ जानेवारी

चि. तनुजाला अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं, तरी डोक्यात प्रकाश पडेना. नाव सुचवणं म्हटलं की मला सोसायटीचं इलेक्शन कळतं. सूचक, अनुमोदक, आणि शेवटच्या दिवशी माघार. साधना मॅडमच्या विरोधात कोण उभं आहे ते तू लिहिलंच नाहीस. आणि चांगली गोष्ट झाकून का ठेवायची? आपल्याकडे मुलगा दहावीला पास झाला तरी पेढे वाटतात. तुमच्या शास्त्रज्ञ लोकांचं काही कळत नाही बाई.

असो. पत्र लिहून सोबत जोडलंय. नावं मानानुसार लावलीत, लग्नपत्रिकेत लावतो तशी. आधी प्लँटचे मोठे साहेब दादासाहेब, मग अण्णासाहेब, मग पर्चेसचे, एचआरचे, युनियनचे अध्यक्ष. साधना मॅडम अकराव्या आल्यात, पण त्या वयानं लहान आहेत, रागावणार नाहीत.

तू त्रास विचारलास. आमच्या शॉपमध्ये अडतीस वेल्डिंग रोबो. चांगले चालता चालता सगळे एकदम जागच्या जागी थिजायचे. वीस सेकंद, कधी तीस. मग आपोआप चालू. ना वेळ ठरलेली, ना वार. पुरवठादाराचे इंजिनिअर आले, तारा बदलल्या, डबे बदलले, चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत तेच.

मग खात्यात नोंदी ठेवल्या गेल्या आणि त्यातून दिसलं की बस उशिरा आली की रोबो थांबतो. ऐकायला वेडगळ वाटतं, मलाही वाटलं होतं. पण खरं तेच होतं. कंपनीच्या बसमधून तीनशे माणूस एकदम उतरायचा आणि हजेरीच्या यंत्रांपुढे उभा राहायचा. यंत्र प्रत्येकाचा चेहरा टिपून ऑफिसला पाठवायचं. ते चेहरे आणि रोबोचे हुकूम एकाच वाटेनं जायचे. बस वेळेवर असली की रोबो अजून सुरू झालेले नसायचे, उशिरा आली की चालू असायचे. गर्दीत हुकूम अडकला की रोबो भिऊन थांबायचा. भोसरीच्या चौकात बस कधी अडकेल त्याचा नेम नाही, म्हणून रोबो कधी थांबेल त्याचाही नाही. मॅडमनी पुढं असा प्रोग्राम केला की रोबोचा हुकूम आधी जाईल, चेहरे थांबतील. नवं सामान काही लागलं नाही.

आता एवढ्यात तुझं काम व्हावं.

तुझा काका,
अर्जुनराव तापकीर


बंगळूर,
१५ जानेवारी

ती. काका,

तुमचं पत्र वाचून मी वर्गात एकटीच हसत बसले. विरोधात कोणी नसतं हो. आणि दादासाहेबांना काढा. त्यांनी या कामात काय केलं, सांगा बरं?

पण एक गोष्ट तुम्ही चुकवलीत. नोंदी "ठेवल्या गेल्या" म्हणजे? कोणी ठेवल्या? मी मॅडमचा मूळ शोधनिबंध काढून पाहिला. शेवटी आभार मानलेत, "श्री. अर्जुनराव तापकीर यांनी उपलब्ध करून दिलेल्या दोन वर्षांच्या नोंदवहीशिवाय हे काम झालं नसतं." काका, म्हणजे ते तुम्ही! बसची वेळ आणि रोबोची वेळ शेजारीशेजारी मांडण्याचं डोकं तुमचं! संध्याकाळी आईला सांगितलं तर ती म्हणाली, त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, स्वभावच तसा. मला फार अभिमान वाटला. बाबा असते तर सगळ्या कॉलनीला सांगत फिरले असते.

आता ऐका. पुरस्काराला चार जणांपर्यंत नावं देता येतात, आणि ती प्राध्यापकांचीच हवीत असं नाही. मी मॅडमच्या शेजारी तुमचं नाव घालते आहे. तुमची फक्त संमतीची सही लागेल.

एक गंमत. निबंधात वहीच्या एका पानाचा फोटो आहे. त्यातलं अक्षर बारीक आणि तिरकं. तुमचं तर बघा, कसं टपोरं, दगडी पाटीवर काढल्यासारखं. शॉपमध्ये उभ्या उभ्या घाईत लिहीत असाल, नाही का? मूळ वहीतलं एखादं पान मिळालं तर पाठवा.

तुमची,
तनुजा


संत तुकाराम नगर
२४ जानेवारी

चि. तनुजा,
आशीर्वाद.

माझं नाव घालू नकोस. साधना मॅडमचं पुरे आहे. त्या शिकलेल्या आहेत, त्यांना शोभतं.

दुसरं, जरा घोटाळा झालाय. तू बाहेर बोलू नको म्हणालीस आणि मी बोललोही नाही. फक्त आबाजींना सांगितलं. ते मंडळाचे अध्यक्ष, रोज सकाळी एका बाकावर बसतो, त्यांना न सांगणं बरं दिसत नाही. त्यांनाही बजावलं होतं की हे आपल्या दोघांत. त्यांनी मान डोलावली. परवा दिवशी चौकात फ्लेक्स लागला.

पंधरा बाय दहाचा आहे. मधोमध माझा फोटो, निवृत्तीच्या समारंभातला, फेट्यातला. कोपऱ्यात साधना मॅडम, त्यांचा कुठून मिळवला देव जाणे. वर लिहिलंय, "बस आणि रोबोचं नातं शोधणारे आपले अर्जुनराव यांना आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." खाली तेरा शुभेच्छुक. त्यातले चार मी ओळखत नाही. भाजीवाला पैसे घेईना. बँकेतल्या बाईनं खुर्ची दिली. मी अजून मिळाला नाही, मिळाला नाही म्हणत फिरतोय, आणि लोक म्हणतात काय हा विनय.

मला यातलं काहीच समजेनासं झालंय. वहीचं पान शोधावं लागेल. बहुतेक कंपनीत राहिली असेल.

काका


बंगळूर,
२७ जानेवारी

ती. काका,

तो फ्लेक्स आज उतरवा. आज म्हणजे आज. आबाजींना माझा नंबर द्या, मी बोलते. नाव जाहीर झालं तर अर्ज बाद होऊ शकतो. मी स्वतःहून समितीच्या सचिवांना कळवलं, कारण लपवून नंतर निघालं तर जास्त वाईट. त्यांनी विचारलंय की फ्लेक्स म्हणजे काय, आणि ते तेरा लोक सहसंशोधक आहेत का. दोन तास बसून उत्तर लिहिलं. या वेळेपुरती सूट मिळाली.

आणि तुमचं "नाव घालू नकोस" मी मनावर घेतलेलं नाही. तुम्ही नको म्हणणार हे मला माहीतच होतं. चाळीस वर्षं मशीन दुरुस्त केलीत आणि नाव कायम दुसऱ्याचं लागलं. या वेळी तुमचं लागू दे. मसुद्यात घातलंय. वहीचं विचारायला मी साधना मॅडमना मेल केला, तर त्या म्हणाल्या की वही त्यांनी तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच परत दिली. कंपनीत नाही, घरी बघा.

संमतीपत्र सोबत आहे. २० तारखेपर्यंत सही करून पाठवा.

तुमची,
तनुजा


(स्पीड पोस्टाने)
संत तुकाराम नगर
९ फेब्रुवारी

चि. तनुजा,

हे पत्र दिव्याला दिलं नाही. पोस्टात जाऊन स्वतः टाकणार आहे. ती फोटो काढताना वाचते, आणि हे सुनेनं माझ्यादेखत वाचलेलं मला सोसणार नाही.

वही माझी नाही. अक्षर माझं नाही. तुला दिसलं होतं, तूच माझी बाजू घेऊन विषय मिटवलास.

आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर एक इलेक्ट्रिशियन होता, नवनाथ सोनटक्के. औशाकडचा, तीस-बत्तीसचा. दोन वर्षं त्यानं रोबो थांबल्याची वेळ लिहिली आणि शेजारी त्या वेळी शॉपमध्ये आणि गेटवर काय चाललं होतं तेही. चहा आला, जनरेटर बदलला, बस आली. मला येऊन बसचं म्हणाला तेव्हा सगळ्या खात्यासमोर मी त्याची थट्टा केली. म्हटलं, उद्या ड्रायव्हरला रोबो दुरुस्त करायला बोलाव.

तो थट्टेनं हलला नाही. त्याला खात्री करून बघायची होती. एक शिफ्ट हजेरीच्या यंत्रांची तार काढून ठेवायची आणि रोबो थांबतात का बघायचं. आता आमच्या शॉपची पद्धत तुला माहीत नसेल. प्रेसच्या आवाजात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, आणि माझे तर कान गेलेले. म्हणून मला जे विचारायचं ते सगळे कागदावर लिहून पुढं धरायचे, मी खाली उत्तर लिहायचो. त्यानं वहीतच विचारलं. मी खाली लिहिलं, "कर." सही केली. मला वाटलं, करू दे, तोंडघशी पडेल.

त्या शिफ्टला एकही रोबो थांबला नाही. पण तीनशे बारा माणसांची हजेरीही लागली नाही. युनियन गेटवर आली. साहेबांनी दोघांना आत घेतलं. नवनाथ म्हणाला, फोरमनना विचारून केलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या निवृत्तीला पाच महिने होते. मी म्हणालो, "मला ऐकू येत न्हाई साहेब. ह्यानं काय विचारलं असंल तर मला कळालं न्हाई."

तो वही काढायला खिशाकडे हात नेत होता. वही माझ्या टेबलावर होती. मी ती त्याला दिली नाही. त्याच दिवशी त्याचा गेटपास काढून घेतला.

दीड महिन्यानं साधना मॅडम आल्या. जुन्या नोंदी आहेत का म्हणाल्या. मी ते पान फाडून काढलं आणि वही त्यांना दिली. कोणी ठेवली हे त्यांनी विचारलं, मी म्हटलं आमच्या खात्यानं. त्यांनी माझं नाव छापलं. त्यांचा काही दोष नाही, बाईला मी कधी दुसरं नाव सांगितलंच नाही.

आता आज का लिहितोय. फ्लेक्स उतरवायला आबाजींना मी पाच दिवस लावले. खोटं का बोलू, मला तो बघायला आवडत होता. त्या पाच दिवसांत नवनाथनं तो सिक्स सीटर रिक्षातून जाताना बघितला. काल सकाळी दारात आला. दिव्यानं पाणी दिलं, ते प्यायला. मी काहीतरी बडबडत होतो, तब्येत काय, गाव काय. त्यानं खिशातली पेन्सिल काढली, पेपरच्या कडेला लिहिलं आणि जुन्या सवयीनं माझ्यापुढे धरलं. "वही परत द्या."

माझ्या कानांचं त्याच्या अजून ध्यानात होतं. मी आतल्या कपाटातून वही काढून दिली. त्यानं पानं चाळली, मधलं एक नाही हे बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेला.

पान माझ्याकडे आहे. पेन्शनच्या फायलीत. जाळायचं म्हणून तीनदा काढलं आणि तीनदा परत ठेवलं. का ठेवलं ते मला सांगता येत नाही.

संमतीपत्रावर मी सही करू शकत नाही. पुढं काय करावं हे कळत नाही. तू सांगशील ते करतो.

अर्जुनराव


बंगळूर,
१३ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र काल आलं. दोनदा उत्तर लिहायला बसले आणि दोनदा उठले. ज्या माणसानं मला फ्यूज बांधायला शिकवलं त्याच माणसाचं हे पत्र आहे, हे मला जुळवता येत नाहीये. रागावले आहे. रडलेही. आईला काही सांगितलेलं नाही.

साधना मॅडमना सगळं कळवलं, न कळवून चालणार नव्हतं. त्या म्हणाल्या, वहीतला माणूस बसची वेळ लिहिताना कंसात ड्रायव्हरचंही नाव लिहितो, मला तेव्हाच वाटायचं की हे फोरमनचं काम नाही. विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. त्यांनी निबंधात दुरुस्ती छापायला कळवलंय.

तुमचं नाव मी काढलं आहे. नवनाथ सोनटक्के यांचं घालायचंय. त्यासाठी दोन गोष्टी लागतील. त्यांची सही, आणि हे त्यांचंच काम आहे हे सांगणारं कोणाचं तरी पत्र. ते सांगू शकणारा जगात एकच माणूस आहे.

तुम्ही मला लिहिलेलं हे पत्र मी जोडणार नाही. ते माझ्याकडे राहील. वेगळं लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा. लिहिलंत तर ते समिती वाचेल, मॅडम वाचतील, आणि पुढेमागे कंपनीत आणि कॉलनीतही कळेल. मी सांगणार नाही काय करा ते.

तनुजा


संत तुकाराम नगर
२२ फेब्रुवारी

चि. तनुजा,
आशीर्वाद. तुला चालणार असतील तर.

दिव्याला आधी सगळं सांगितलं. तिनं गाडीची चावी घेतली आणि म्हणाली, चला, दापोडीला मी सोडते. इतके दिवस मी तिला घाबरत होतो.

पत्ता जुन्या खात्यातल्या एकाकडून घेतला होता. नवनाथचं तिथे रेल्वेलाइनीलगत दुकान आहे, मिक्सर-पंखे दुरुस्त करतो. गेटपास गेल्यावर कॉन्ट्रॅक्टच्या एजन्सीनं त्याचं नाव सगळीकडे कळवलं, चाकणला कोणी उभं करेना. त्याची बायको रंभा बाहेर भांडी घासत होती. मी कोण ते कळल्यावर ती आत गेली.

मी त्याला पुरस्काराचं समजावलं. मलाच नीट समजलेलं नाही, तर त्याला काय समजावणार. तो म्हणाला, हे बक्षीस देणारे लोक कुठले? मी म्हटलं, बाहेरचे. त्यांनी आपला शॉप बघितलाय का? म्हटलं, नाही. मग त्यांना कसं कळलं? म्हटलं, तुझ्या वहीवरून. तो फॉर्म उलटा-सुलटा करून बघत राहिला. मग विचारलं, हे मिळालं तर गेटपास मिळतो का? मी म्हटलं, बाबा, मला माहीत नाही.

मग मी पान काढून त्याच्या हातात दिलं. माफी मागितली. उभा राहून मागितली, दिव्यादेखत. तो पानाकडेच बघत होता. म्हणाला, "बक्षिसाचं राहू द्या काका. हे रंभाला दाखवायचंय. चार वर्षं झाली, ती म्हणती तू विचारलंच नव्हतंस, उगा फोरमनवर ढकलतोस." आणि पान घेऊन आत गेला.

आत काय झालं ते मला ऐकू आलं नाही. माझे कान असे आहेत. दिव्या म्हणाली, बाई रडतीय. थोड्या वेळानं रंभा बाहेर आली, तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पण चहा दोघांना ठेवला. नवनाथनं फॉर्मवर सही केली. म्हणाला, साधना मॅडमचं नाव राहू द्या, त्यांनी मेहनत केलीय.

शेजारच्या दुकानात पानाची झेरॉक्स काढली. तुला हवं ते पत्र सोबत आहे. या वेळी मानाचा क्रम लावलेला नाही. आबाजींना मी स्वतः वाचून दाखवलं. ते उठून गेले. सकाळी बाकावर आले नाहीत.

काका


पुरस्कार समितीस,

मी अर्जुनराव तापकीर, चाकण येथील कारखान्याचा निवृत्त मेंटेनन्स फोरमन, हे पत्र स्वतःच्या हाताने लिहून देतो.

आमच्या शॉपमधले अडतीस रोबो वेळी-अवेळी थांबत असत. बसमधून उतरलेल्या माणसांची हजेरी आणि रोबोचे हुकूम एकाच वाटेने जातात म्हणून ते थांबतात, हे सगळ्यात आधी नवनाथ सोनटक्के यांच्या लक्षात आलं. वही त्यांची आहे. तार काढून खात्री करण्याची युक्ती त्यांची आहे. साधना कुदळे मॅडमनी त्यावरून कायमचा उपाय केला आणि आता आमचे रोबो थांबत नाहीत. मी यात काहीही शोधलेलं नाही.

तार काढल्याबद्दल नवनाथ यांना कामावरून काढण्यात आलं. त्यांनी परवानगी मागितलेली मला कळली नाही असं मी साहेबांना सांगितलं. ते खोटं होतं.

सोबत वहीच्या एका पानाची झेरॉक्स जोडली आहे. अस्सल पान ज्याचं त्याला दिलं. वरची बारीक तिरकी ओळ नवनाथची: "उद्या पहिल्या शिफ्टला हजेरीची तार काढून बघू का?" खाली टपोऱ्या अक्षरात माझं "कर" आणि सही आहे. ते अक्षर आणि या पत्रातलं अक्षर शेजारी ठेवून बघावं.

अर्जुनराव तापकीर